पाठांतराची इंग्रजी व कामाची इंग्रजी

कुकडीकांठच्या ओझरला विघ्नेश्वराच्या दर्शनासाठीं परप्रांतांतूनहि यात्रेकरू येतात. समजा, त्यांतल्या एखाद्यानें गांवच्या आठवीच्या मुलाला लेण्याद्रीची वाट इंग्रजींत विचारली. महाराष्ट्रांत २००० सालापासून हा विषय पहिलीलाच सुरू होतो. म्हणजे मुलाची त्यांत सात वर्षें गेलीं. 'जाणें' या क्रियापदाचीं तिन्ही इंग्रजी रूपें तो घडाघडा म्हणेल, पण वाटेचीं दोन वाक्यें बोलतांना त्याची बोबडी वळेल.

यावर शहाण्यांचा उपाय ठरलेला: व्याकरण आणखी घोटा! आईबापांचा उपाय त्याहून महाग: टोमॅटोच्या पैशांतून इंग्रजी माध्यमाची फी भरा. भाषा आधीं कोठारांत भरून ठेवावी व पुढें कधीं तरी बाहेर काढावी, ही समजूतच मुळीं खोटी आहे. कामाला लागते तीच भाषा अंगीं लागते.

हें विलायती खूळ आहे असें कोणी म्हणूं नये. १९७९ ते १९८४ या काळांत एन्. एस्. प्रभु यांनीं दक्षिण हिंदुस्थानांतील साध्यासुध्या शाळांत हाच प्रयोग केला. आगगाडीचें वेळापत्रक किंवा नकाशा पुढें ठेवावयाचा. एक कोडें गुरुजींनीं वर्गाशीं इंग्रजींत बोलत सोडवावयाचें, तसलेंच दुसरें मुलांनीं आपलें आपण. ध्यान उत्तराकडे, व्याकरणाकडे नव्हे. १९८५ च्या पाहणीनें या पद्धतीला निर्भेळ कौल दिला नाहीं खरा. जो जसें शिकला, तो तसल्या कसोटींत सरस ठरला. पण आमचें तरी म्हणणें दुसरें काय आहे?

ओझरच्या वर्गांत एस्. टी. चें वेळापत्रक टांगा. सकाळीं विघ्नेश्वर, मग लेण्याद्रीच्या पायऱ्या, आणि संध्याकाळीं नारायणगांवला पुण्याची गाडी गांठावयाची. तर ओझरहून केव्हां निघावें? 'गुरुजींनाच इंग्रजी बोलतां येत नाहीं' हा आक्षेप मात्र हंसून उडविण्याजोगा नाहीं. परंतु असल्या कोड्यास लागणारीं वाक्यें मोजकीं असतात. गुरुजींनीं तीं आदल्या रात्रीं तयार करावींत, आणि चुकलीं तर मुलांदेखत चुकावींत.

खरी आडकाठी परीक्षेची आहे. दहावीच्या प्रश्नपत्रिकेचें नांव बदलून 'कृतिपत्रिका' झालें, तेव्हां आम्हांस मोठी आशा वाटली होती. पुढें त्या कृतींच्याहि नमुना उत्तरांचीं मार्गदर्शकें बाजारांत आलीं, आणि मुलें आतां तीं पाठ करतात.