समुद्रातील चित्रीकरणाच्या बोटीवर चढणाऱ्या प्रत्येक कामगाराची नावानिशी नोंद व्हावी, याबाबतचे निवेदन

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ मर्यादित,
दादासाहेब फाळके चित्रनगरी, गोरेगाव (पूर्व), मुंबई

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, जालना

विषय : जलदुर्ग व बेटांवरील चित्रीकरणासाठी बोटीने नेल्या जाणाऱ्या कामगारांची नोंद, लाइफ जॅकेट, विमा आणि प्रशिक्षण यांबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे घनसावंगी, परतूर, मंठा आणि अंबड तालुक्यांतील रहिवासी आहोत. चित्रपट आणि मालिकांच्या युनिटमध्ये आमच्यातले कुणी लाइटमन आहेत, कुणी सेटिंगला, कुणी स्पॉटवर. काही जण बारा महिने मुंबईत असतात. बाकीचे कापूस वेचून झाला की गोरेगाव गाठतात. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. दक्षिणेच्या शिवेवरून गोदावरी जाते तेवढेच मोठे पाणी. आमच्या वडिलांची पिढी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. आमच्या वाट्याला कोरड्या विहिरी आल्या, म्हणून आमच्यातल्या बहुतेकांना पोहता येत नाही. हे सांगायला संकोच वाटतो, पण निवेदनाचे मूळ तिथेच आहे.

गेल्या हिवाळ्यात रायगड जिल्ह्यातील एका जलदुर्गावर आमचे काम होते. पहाटे जेटीवर पोहोचलो. बोटीत दोन मोठे लाइट, त्यांची स्टँड, केबलची वेटोळी आणि आम्ही अकरा माणसे. जॅकेट चारच होती आणि ती कलाकार व कॅमेऱ्याच्या मंडळींना दिली गेली. परतूरकडचा एकोणीस वर्षांचा एक पोरगा आमच्यात होता. समुद्र तो पहिल्यांदाच पाहत होता, आणि जेटी सोडल्यावर थोड्याच वेळात त्याला बोट लागली.

किल्ल्याच्या पायरीशी बोट स्थिर राहत नाही. एका लाटेत ती पायरीच्या वर येते, दुसऱ्या लाटेत हातभर खाली जाते. उतरायचे ते ती वर येते त्या क्षणी. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. पोराने खांद्यावर केबल घेऊन नेमके बोट खाली जाताना पाऊल टाकले आणि तो बोट व दगड यांच्यामध्ये कमरेपर्यंत गेला. तांडेलाने सुकाणू सोडून त्याची कॉलर धरली. खलाशाने वल्हे दगडाला टेकवून सगळा जोर लावला आणि बोट दूर रेटून धरली. केबल पाण्यात गेली, पोरगा वाचला. अर्ध्या तासाने तो ओल्या कपड्यांनिशी लाइट धरून उभा होता, कारण शॉट लागला होता.

संध्याकाळी गेलेली केबल किती मीटर होती आणि ती कोणाच्या खात्यात धरायची, याची नोंद झाली. भाड्याने आणलेल्या प्रत्येक लेन्सचा नंबर चलनावर होता. त्या दिवसाच्या कॉलशीटवर मात्र ‘लाइट – ६’ एवढेच लिहिले होते. त्या सहांत तो होता, पण त्याचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते. पोरगा हाती लागला नसता, तर घरी कळवायला कोणता पत्ता काढला असता?

ही एकाच निर्मितीची तक्रार नाही, म्हणून आम्ही कोणाचे नाव घेत नाही. समुद्रावर काम करताना काय पाळायचे, याची लेखी अट असली की चांगल्या निर्मात्यालाही ती हवीच असते.

आताच लिहिण्याचे कारण असे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग पाण्यात आहेत, तिथे बोटीनेच जावे लागते. या किल्ल्यांवरचे चित्रीकरण आता वाढेल. वाढावेच, आमची चूल त्यावर पेटते. पण १८ डिसेंबर २०२४ ची ‘नीलकमल’ बोटीची दुर्घटनाही ताजी आहे. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या त्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि पंधरा जण गेले. ८४ प्रवासी आणि ६ खलाशी एवढीच परवानगी असताना बोटीत शंभराहून अधिक माणसे होती. कोण बुडाले, कोण सापडले, याचा मेळ लागेपर्यंत कित्येक घरांनी रात्र उभ्याने काढली.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की समुद्रातील चित्रीकरणाला परवानगी देताना बोटीवर चढणाऱ्या प्रत्येक माणसाची नावानिशी यादी बंधनकारक करावी. तीत गाव, घरचा फोन, रक्तगट आणि पोहता येते की नाही, हे लिहिलेले असावे. एक प्रत जेटीवर राहावी, एक तांडेलाजवळ. जाताना डोकी मोजावीत, येताना पुन्हा मोजावीत. रोजंदारीवर आलेला, ऐनवेळी बदली म्हणून चढलेलाही यादीत आलाच पाहिजे. सिनेकामगाराशी लेखी करार झाल्याशिवाय त्याला कामावर घेऊ नये, असे केंद्राच्या १९८१ च्या कायद्यानेच ठरवले होते. यादी ही त्याच्या पुढची साधी पायरी आहे.

जितकी माणसे तितकी जॅकेट, आणि ती जेटीवरच अंगात घातलेली. सामानाची बोट वेगळी आणि माणसांची वेगळी.

तांडेलाच्या शब्दाला लेखी अधिकार मिळावा, ही मागणी आम्हाला फार महत्त्वाची वाटते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते; कॉल टाइम मात्र रोज सकाळी सहाचाच असतो. काल ज्या पायरीवर सुखाने उतरलो, तिथे आज त्याच वेळी खडक उघडे पडलेले असू शकतात. हे तिथल्या कोळी बांधवांना तोंडपाठ असते. पण ‘आता नको’ असे तांडेल म्हणाला, तर त्याला भाड्याचा माणूस समजून गप्प केले जाते. कॉलशीटवर भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात आणि तांडेल नाही म्हणाला की बोट सुटू नये. त्या दिवसाची मजुरी कोणाचीही कापली जाऊ नये. मजुरी कापली जाणार असेल, तर आमच्यातलाच कोणीतरी ‘चला, होईल काही नाही’ म्हणेल, हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

विमा लेन्सचा असतो तसा माणसाचाही असावा. परवानगीच्या कागदपत्रांत त्याची प्रत मागावी.

मा. जिल्हाधिकारी साहेबांना वेगळी विनंती आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीचे पाणी सुटले तेव्हा गोदाकाठच्या गावांत बचावाच्या बोटी आल्या होत्या. जॅकेटचे पट्टे कसे आवळायचे, पाण्यात पडलेल्याला दोर कसा टाकायचा, हे जाणणारी माणसे जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाकडे आहेत. त्यांनी दिवाळीनंतर, आम्ही मुंबईला निघण्याआधी, घनसावंगी किंवा अंबडला तीन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे. जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च आम्ही करू. परतूरकडच्या त्या पोराने पहिले नाव स्वतःचे लिहून दिले आहे.

वरील मागण्यांवर काय निर्णय झाला ते आम्हाला लेखी कळवावे आणि महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अधिकाऱ्यांसह बैठकीसाठी वेळ द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
घनसावंगी, परतूर, मंठा व अंबड तालुक्यांतील चित्रपट कामगार

स्थळ : जालना

सोबत : सह्यांची पाने, प्रशिक्षणासाठी इच्छुकांची यादी

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई