पवनचक्कीची जागा ठरवायची कुणी?

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडी येथील पठारांवर गेल्या शतकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या आणि पवनऊर्जेच्या नकाशावर महाराष्ट्राला स्थान मिळाले. त्या काळच्या लहान यंत्रांचे आयुष्य आता सरत आले आहे. दोन मेगावॉटपेक्षा कमी क्षमतेची किंवा आयुर्मान संपलेली यंत्रे काढून त्यांच्या जागी मोठी यंत्रे बसविण्याचा मार्ग केंद्र सरकारच्या डिसेंबर २०२३ च्या धोरणाने खुला केला आहे. नव्या पवनचक्क्या संख्येने कमी, पण उंचीने कितीतरी मोठ्या असतील. त्या नेमक्या कुठे उभ्या राहाव्यात, हा प्रश्न त्यामुळे नव्याने विचारणे भाग आहे.

केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१६ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. आवाजाचा उपद्रव टाळण्यासाठी वस्तीपासून ५०० मीटर अंतर राखावे, असे त्यांत म्हटले होते. अंतराचा हा आकडा यंत्राच्या उंचीबरोबर बदलत नाही, ही त्यातील मोठी उणीव. डेन्मार्कमध्ये घरापासूनचे किमान अंतर पवनचक्कीच्या एकूण उंचीच्या चौपट असावे लागते. म्हणजे दीडशे मीटर उंचीच्या यंत्रासाठी ६०० मीटर आणि दोनशे मीटर उंचीच्या यंत्रासाठी ८०० मीटर. यंत्र वाढले की अंतरही आपोआप वाढते.

मात्र अंतराचा निकष जितका कडक तितका चांगला, असेही नाही. जर्मनीतील बव्हेरिया राज्याने २०१४ मध्ये उंचीच्या दहापट अंतराचा नियम केला. दोनशे मीटरच्या पवनचक्कीसाठी वस्तीपासून दोन किलोमीटर! दाट वस्तीच्या प्रदेशात अशा जागा उरतात किती? नव्या प्रकल्पांचे अर्ज रोडावले आणि २०२२ मध्ये राज्याला नियम सैल करावा लागला. इंग्लंडमध्ये २०१५ च्या नियमांनी स्थानिकांच्या हरकतींचे पूर्ण निराकरण झाल्याखेरीज परवानगीची वाट जवळजवळ बंद केली होती. तेथील नव्या सरकारने जुलै २०२४ मध्ये ते निर्बंध हटविले. जर्मनीने तर २०२२ मध्ये कायदाच केला. त्यानुसार राज्यांनी २०३२ पर्यंत देशाच्या भूभागापैकी एकूण २ टक्के क्षेत्र पवनऊर्जेसाठी निश्चित करायचे आहे. ‘कुठे नको’ याबरोबरच ‘कुठे हवे’ हेही आधीच सांगण्याची जबाबदारी तेथे शासनाने पत्करली.

आपल्याकडे नेमकी हीच बाजू दुबळी आहे. वारा चांगला, जमीन स्वस्त आणि वस्ती विरळ, एवढ्यावर जागा निवडली जाते. परंतु वस्ती नाही म्हणून पठार ओसाड ठरत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठारावर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण जवळपास चौपटीने कमी आढळले. त्यांचा धाक कमी झाल्याने सरड्यांची संख्या वाढली आणि माणूस जवळ आला तरी ते चटकन पळेनासे झाले. घरापासून मोजलेले अंतर हा बदल टिपू शकत नाही. त्यासाठी पठाराचे, गवताळ माळाचे आणि पक्ष्यांच्या वावराचे वेगळे मोजमाप हवे.

महाराष्ट्राला त्यासाठी शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात प्रादेशिक योजनेची तरतूद आहे आणि भूवापराचे विभाग ठरविण्याचा अधिकारही आहे. पवनऊर्जेला अनुकूल क्षेत्रे, वर्ज्य क्षेत्रे आणि उंचीनुसार सोडायचे अंतर या योजनांत नोंदवून, ग्रामसभांसमोर ठेवून, हरकती ऐकून नकाशा पक्का करता येईल. यात उद्योगांचाही फायदा आहे. जमीन घेतल्यानंतर आंदोलन आणि न्यायालय यांत वर्षे घालविण्यापेक्षा आधी ठरलेला नकाशा केव्हाही परवडतो.

जुनी यंत्रे उतरविली जात असताना जागांचा फेरविचार करण्याची संधी आली आहे. ती दवडली तर आणखी वीस-पंचवीस वर्षांसाठी त्याच चुका अधिक उंचीवर उभ्या राहतील. वाऱ्यापासून वीज हवीच. पण त्यासाठी गाव आणि पठार यांना वाऱ्यावर सोडण्याचे कारण नाही.