विश्लेषण : फोनमध्ये नवे काय आले, त्यापेक्षा काय गेले?

दसरा-दिवाळीच्या तोंडावर मोबाइलच्या जाहिराती मेगापिक्सेल आणि ‘एआय’ने भरून वाहतात. दुकानातल्या गिऱ्हाइकाचे प्रश्न मात्र साधे असतात. मेमरी कार्ड बसते का? साधा इअरफोन चालतो का? बॅटरी घरी बदलता येते का? गेल्या दहा वर्षांत या प्रश्नांची उत्तरे एकेक करून ‘नाही’कडे सरकली. २०२० पासून तर काही कंपन्यांच्या खोक्यातून चार्जरही गेला.

जॅक गेल्याने काय बिघडले?

ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ३.५ मिमीचा हेडफोन जॅक काढला आणि त्याच कार्यक्रमात वायरलेस एअरपॉड्स सादर केले. इतर कंपन्यांनी आधी थट्टा केली, मग तेच केले. स्वस्तातला, चार्ज न करावा लागणारा इअरफोन जाऊन त्या जागी स्वतःची बॅटरी असलेली महाग जोडी आली. ती बॅटरी थकली की जोडी कचऱ्यात.

याहून मोठे नुकसान फारसे बोलले जात नाही. मोबाइलवर एफएम ऐकताना इअरफोनची वायरच अँटेनाचे काम करते. जॅक गेला की सहसा रेडिओही जातो. काही फोनमध्ये तर एफएमची सोय असूनही ती बंद ठेवली जाते. तसे करू नये, अशी सूचना केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये उद्योगाला दिली. पण ती सूचनाच. जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतील कित्येक गावांत वीज आणि मोबाइल नेटवर्क अनेक दिवस नव्हते. अशा वेळी टॉवर आणि डेटा दोन्ही न लागणारा रेडिओ खिशात असणे ही चैन नव्हे. एफएम केंद्राची कक्षा तिथवर पोहोचायला हवी, हे अर्थात खरे.

बॅटरी बंदिस्त करण्याचे कारण पटते का?

अर्धवट. फोन सडपातळ आणि पाण्यापासून सुरक्षित ठेवायचा तर तो सीलबंदच हवा, असे कंपन्या सांगतात. पण २०१४ चा सॅमसंग गॅलेक्सी एस ५ पाण्यात तग धरणारा होता आणि त्याचे मागचे झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता येत होती. म्हणजे अडचण केवळ तंत्राची नाही. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, तेव्हा बाकीचा फोन बहुधा धडधाकट असतो. हप्त्यांवर फोन घेणाऱ्या घराला तो आणखी दोन वर्षे चालला तर मोठा फरक पडतो. पीक विमा, रेशन, यूपीआय सगळे त्याच एका फोनवर आले आहे.

युरोपने काय केले, भारत कुठे आहे?

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवे नियम लागू आहेत. ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग आणि किमान पाच वर्षे सॉफ्टवेअर अपडेट मिळाले पाहिजेत. भारतात ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने मे २०२५ मध्ये ‘दुरुस्ती निर्देशांका’चा अहवाल दिला. फोन दुरुस्त करणे किती सोपे, याचे गुण ग्राहकाला खरेदीआधीच कळावेत, ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगली आहे, पण गुण कळल्याने सुटा भाग मिळत नाही. भागांच्या उपलब्धतेची सक्ती युरोपात चालत असेल, तर त्याच कंपन्यांना ती इथे जड का जावी?

तोवर दुकानात काय विचारावे?

सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार, मूळ बॅटरी बदलायला किती खर्च येतो आणि अधिकृत सेवा केंद्र तालुक्यात आहे की थेट जिल्ह्याच्या ठिकाणी. तिसऱ्या प्रश्नावर विक्रेता घुटमळला, तर दुसरे मॉडेल पाहावे.