आधी शेवटच्या फोनपर्यंत

19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबादला झालेला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका क्षणी 5 कोटी 90 लाख प्रेक्षक पाहत होते. चित्र सगळ्यांचे एकच, तरी प्रत्येक फोनसाठी ते वेगळे पाठवले जात होते. एका टॉवरखाली पाचशे जण मोबाइल डेटावर सामना पाहू लागले, की तोच मजकूर पाचशे वेळा हवेत जातो. टॉवरने तो एकदाच प्रसारित करावा आणि सगळ्यांनी घ्यावा, अशी तरतूद मोबाइलच्या जागतिक मानकांत थ्री-जीपासून आहे; 2022 मध्ये पूर्ण झालेल्या फाइव्ह-जीच्या सतराव्या आवृत्तीतही आहे. भारतात प्रसारभारती, आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्ज यांनी इंटरनेटशिवाय थेट फोनवर प्रक्षेपण पोहोचवणाऱ्या ‘डायरेक्ट टू मोबाइल’ तंत्राच्या चाचण्या केल्या आहेत. मार्ग कोणताही निवडला, तरी प्रक्षेपणाचा वेग किती ठेवायचा, हे आधी ठरवावे लागते. वरवर तांत्रिक दिसणारा हा निर्णय कोणाला वगळायचे हे ठरवतो. म्हणून तो केवळ कंपन्यांच्या सोयीवर सोडता कामा नये.

एकाच फोनशी बोलताना टॉवर त्याची रेंज पाहून वेग कमी-जास्त करतो. प्रक्षेपणात ही मुभा उरत नाही. एकच वेग सगळ्यांसाठी ठरतो. सिग्नलच्या प्रत्येक स्पंदनावर 2 बिट लादले, तर क्षीण सिग्नलमधूनही ते ओळखता येतात. 6 बिट लादले, तर वेग तिप्पट होतो. पण तितक्याच खात्रीने ते ओळखायला सुमारे वीसपट प्रबळ सिग्नल लागतो. दाट वस्तीत टॉवरपासूनचे अंतर दुप्पट झाले, की सिग्नल साधारण सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणजे वेग तिप्पट करताना पल्ला जवळपास निम्म्यावर आणि क्षेत्र चौथाईवर येते. या घटीत बाहेर पडतात ते टॉवरच्या हद्दीवरचे पाडे, सह्याद्रीच्या दऱ्यांतली गावे आणि शहरातल्या काँक्रीटच्या आतल्या खोल्या.

यावर सरळ आक्षेप येतो : दहा जणांच्या कमकुवत रेंजपायी उरलेल्या नव्वदांनी धूसर चित्र का पाहावे? हिशेबही तिकडेच झुकतो. शंभर फोनना 2 बिटांनी पाठवले तर बेरीज 200. नव्वदांना 6 बिटांनी दिले आणि दहांना काहीच नाही, तर 540. सरासरी वेग हेच यशाचे माप धरले, तर दहांना वगळणे प्रत्येक वेळी फायद्याचे ठरते. पण हे माप अपुरे आहे, कारण वगळले जाणारे बहुधा तेच ते असतात आणि त्यांना दुसरा पर्यायही नसतो. नव्वदांपैकी अनेकांकडे वाय-फाय आहे, केबल आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तशा दिवशी माहितीची सर्वाधिक गरज दूरच्या वाडीलाच असते. स्पेक्ट्रम ही सार्वजनिक संपत्ती आहे. तिच्यावरून होणाऱ्या प्रक्षेपणाने आधी त्या वाडीपर्यंत पोहोचले पाहिजे.

शिवाय दहा की नव्वद, अशी निवड करण्याची सक्ती नाही. प्रबळ आणि क्षीण ग्राहकांना एकाच लहरीवर थर रचून माहिती पाठवणे, हे वेळ वाटून देण्यापेक्षा सरस ठरते, हे थॉमस कव्हर यांनी 1972 मध्येच दाखवले. जपानने 1 एप्रिल 2006 पासून एका वाहिनीच्या तेरा भागांपैकी बारा घरच्या टीव्हीसाठी आणि एक भक्कम भाग मोबाइलसाठी वापरला. ‘डायरेक्ट टू मोबाइल’च्या चाचण्या ज्या एटीएससी 3.0 मानकावर झाल्या, त्यातही पायाभूत थर आणि त्यावर उंची चित्राचा थर देता येतो. शेजारचे टॉवर तोच सिग्नल अचूक एकाच वेळी सोडू लागले, तर एरवी एकमेकांना बाधणाऱ्या लहरी पूरक होतात आणि सर्वाधिक लाभ हद्दीवरच्या फोनला मिळतो.

थर फुकट मिळत नाहीत, हे खरे. पायाला दिलेली शक्ती वरच्या थरातून वजा होते. नुसते पोहोचूनही भागत नाही : जपानच्या मोबाइल प्रक्षेपणाचे चित्र जेमतेम 320 बाय 240 ठिपक्यांचे होते आणि पुढे अनेक फोनमधून ती सोयच गेली. अमेरिकेतली फोनवरील प्रक्षेपणाची मीडियाफ्लो सेवाही 2011 मध्ये बंद पडली. म्हणून पाया भक्कम असण्याबरोबर उपयोगाचाही हवा. त्यात आवाज स्वच्छ यावा आणि पडद्यावरची अक्षरे वाचता यावीत. आजच्या व्हिडिओ संक्षेपण तंत्राने ते कमी वेगातही साधते. कमकुवत रेंजच्या फोनना वेगळे पाठवण्याची सूचना निसटलेले तुकडे भरण्यापुरती ठीक आहे. गर्दीत मात्र ती महाग पडते, कारण टॉवरचा सर्वाधिक वेळ असे फोनच घेतात.

त्यामुळे प्रक्षेपणाचा परवाना देताना सरकारने पायाभूत थराचा किमान वेग आणि त्याची व्याप्ती अटीत लिहावी. व्याप्ती घराच्या आत मोजावी आणि जिल्हावार जाहीर करावी. देशाची सरासरी इथे कामाची नाही. ट्रायने 2024 च्या नियमांनी कंपन्यांना नेटवर्क व्याप्तीचे नकाशे प्रसिद्ध करायला लावले आहेत, तोच दंडक प्रक्षेपणालाही लागू व्हावा. आपत्तीचे इशारे, दूरदर्शन आणि आकाशवाणीच्या बातम्या याच थरात असाव्यात. एवढे पाळल्यावर वरच्या थरात कंपन्यांनी हवे तितके देखणे चित्र खुशाल विकावे. पाया सर्वांचा असेल, तर वरच्या मजल्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही.