रानचे मासे, टाकीतले मासे आणि आपली विशेषणे

मराठीत 'रानटी' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो आणि 'गावरान' हा प्रशस्तीसारखा. बाजारात गावरान अंड्याला चढा भाव मिळतो. उलट, शिक्षककक्षात एखाद्या वर्गाविषयी तक्रार करताना 'ही ब्रॉयलर पिढी आहे' असे सहज म्हटले जाते. म्हणजे उगमाविषयीची आपली भाषा एकाच दमात रानाला हीन ठरवते आणि माणसाच्या हाताखाली वाढलेल्यालाही हीन ठरवते. हा गोंधळ केवळ कोशापुरता राहिला असता तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु मत्स्यालय बाळगणाऱ्यांमध्ये जो एक जुना वाद चालतो, त्यात हीच विशेषणे निर्णय करताना दिसतात. नदीतून पकडलेले मासे आणि टाकीत पैदास झालेले मासे एकत्र ठेवावेत की नाही, हा तो वाद.

उदाहरण म्हणून ब्राझीलमधल्या रिओ नेग्रो नदीतला कार्डिनल टेट्रा घेऊ. जेमतेम 4-5 सेंटिमीटर लांबीचा, निळ्या-लाल पट्ट्यांचा हा मासा 1956 साली शास्त्रीय नावाने नोंदला गेला. त्याचा जवळचा नातलग निऑन टेट्रा 1936 सालचा. आज दुकानात दिसणारे निऑन जवळजवळ सर्व पैदास केंद्रांतून येतात. कार्डिनल मात्र दीर्घकाळ मुख्यतः नदीतूनच येत राहिला. रंगसंगतीसाठी हे दोन्ही एकाच टाकीत ठेवण्याचा मोह होतो आणि प्रश्न तेथे उभा राहतो.

रिओ नेग्रोचे पाणी कुजलेल्या पानांमुळे कोऱ्या चहासारखे दिसते. 'काळे पाणी' म्हटले की मराठी वाचकाला अंदमान आठवते, पण कार्डिनलचे ते माहेर आहे. त्या पाण्याचा सामू अनेक ठिकाणी 4 ते 5 इतका खाली असतो आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात. पैदास केंद्रातला मासा बहुधा याहून पुष्कळ कठीण पाण्यात वाढलेला असतो. शिवाय त्याला कोरडे खाद्य ठाऊक असते; झाकण उघडताच तो वर झेपावतो. नदीतून आलेल्या माशाला तो भुगा अन्न आहे हेच आधी कळत नाही. दोघांना पहिल्याच दिवशी एकत्र सोडले तर एक लठ्ठ होतो आणि दुसरा कोपऱ्यात उपाशी राहतो.

'रानचा मासा रोग आणतो' हा सर्वांत प्रचलित आक्षेप. तो खोटा नाही; नदीतल्या माशाच्या अंगावर आणि पोटात परजीवी असू शकतात. पण तो अर्धाच खरा आहे. पैदास केंद्रांत हजारो मासे दाटीने वाढतात आणि दाटीचे रोगही तेथे असतात. निऑनच्या नावानेच ओळखला जाणारा सूक्ष्म परजीवीजन्य रोग त्यांपैकी एक. त्यावर आजही खात्रीचा इलाज नाही. मग कोणापासून कोणाला जपायचे? आमच्या मते दोघांनाही एकमेकांपासून, आणि काही काळापुरतेच. नव्याने आलेला प्रत्येक मासा, त्याचा जन्म कोठलाही असो, किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत राहावा. त्याची जाळी आणि बादली वेगळी असावी. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. खाद्याची सवय आणि पाण्यातला बदल हळूहळू व्हावा. एवढे केल्यावर दोघांना एकत्र ठेवण्यास आमची हरकत नाही.

काही नैतिक वृत्तीचे छांदिष्ट याहून पुढे जातात आणि नदीतला मासा विकत घेणेच पाप मानतात. येथे आम्हांला थांबावेसे वाटते. रिओ नेग्रोकाठच्या बार्सेलोस या गावात अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे मासे हाताच्या जाळ्याने पकडत आली. दरवर्षी पुराचे पाणी अरण्यात शिरते, मासे त्याबरोबर पसरतात आणि पाणी ओसरले की डबक्यांत अडकून असंख्य मरतात. ज्या गावाचे पोट या माशावर चालते ते गाव त्या अरण्याला हात लावू देत नाही. 1989 पासून चालू असलेल्या 'प्रोजेक्ट पियाबा' या उपक्रमाचे 'मासा घ्या, झाड वाचवा' हे ब्रीद याच अनुभवावर उभे आहे. दूरदेशीच्या पैदास केंद्रांनी हा व्यापार ओढून घेतला, तेव्हा त्या कुटुंबांपुढे जंगल तोडण्याचे किंवा गाव सोडण्याचे पर्याय उरले.

म्हणून रानचे तेवढे चांगले म्हणावे काय? तसेही नाही. आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, केरळ-कर्नाटकातल्या ओढ्यांत 'मिस केरळ' या नावाने प्रसिद्ध झालेला मासा राहतो. फ्रान्सिस डे यांनी 1865 साली त्याचे वर्णन केले. 2013 साली त्याच्या प्रजातीला 'सह्याद्रिया' हे नाव मिळाले. मर्यादित क्षेत्रात राहणाऱ्या या माशाची शोभेच्या व्यापारासाठी बेसुमार पकड झाली आणि आज तो संकटग्रस्तांच्या जागतिक यादीत आहे. येथे टाकीतला मासा घेणे हाच विवेक. एका नदीत जो पकडणे तिच्या रक्षणाला उपकारक, तोच दुसऱ्या नदीत तिचा घात. 'रानचा' हे विशेषण दोन्हीकडे सारखेच आहे. ते आपल्याला काहीच सांगत नाही. नदीचे नाव विचारावे लागते.

साहित्याच्या अध्यापकांनी यात का पडावे, असे कोणी विचारील. विद्यार्थ्यांना माशांची उपमा देण्याचा आमचा हेतू नाही; माणसे पकडली जात नाहीत आणि त्यांची पैदास केंद्रेही नसतात. आमचा मुद्दा विशेषणाचा आहे. 'अस्सल ग्रामीण', 'मातीतला', 'पुस्तकी' असे शब्द समीक्षेत आपण ज्या सहजतेने वापरतो, त्याच सहजतेने छांदिष्ट 'रानचा' आणि 'टाकीतला' म्हणतो. दोन्हीकडे उगमाचा उल्लेख करून परीक्षणाचे कष्ट वाचवले जातात. लेखक खेड्यातला आहे हे कळल्यावर त्याचे वाक्य वाचायचे राहून जाते. मासा नदीतला आहे हे कळल्यावर तो खातो की नाही हे पाहायचे राहून जाते.

उगम विसरावा असे मात्र आम्ही म्हणत नाही. मासा कोठून आणि केव्हा आला याची नोंद टाकीजवळ असावीच. तिच्याशिवाय वेगवेगळ्या नद्यांच्या वाणांची सरमिसळ होते आणि ती पुढे निस्तरता येत नाही. कंटाळा आला म्हणून मासे गावच्या तळ्यात सोडू नयेत, हेही त्यातच आले. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा भारतातल्या अनेक जलाशयांत पसरला आहे आणि कोळ्यांची जाळी फाडतो आहे. उगमाची नोंद ठेवणे आणि उगमावरून पायरी ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला कष्ट पडतात, दुसरीला पडत नाहीत. बहुधा म्हणूनच दुसरी अधिक आढळते.