मुलांना चित्रांपासून लांब ठेवू नका

उपवासकाळातल्या एका शनिवारी आई आणि मी वसईहून गाडी पकडून वडोदऱ्याला मावशीकडे गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा झाल्यावर मावशीच्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आम्ही लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातलं महाराजा फत्तेसिंह म्युझियम बघायला गेलो. पोरगा आधी कंटाळला होता. मग राजा रविवर्म्याच्या ‘सीता भूप्रवेश’समोर अचानक थांबला आणि म्हणाला, “हिला ती बाई कुठे घेऊन चाललीय?”

मावशी जरा घुटमळली. मग म्हणाली, “ती तिची आई आहे. लेकीचं फार सोसून झालं, म्हणून न्यायला आली.”

“मग राजानं असलं रडू येणारं चित्र घरात का ठेवलं?”

याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. आपण वर्गात ‘करुणरस’ वगैरे लिहून मार्क मिळवतो, पण त्याच्याइतका सरळ प्रश्न मी तरी कधी विचारलेला नाही.

सयाजीराव गायकवाडांनी रविवर्म्याकडून १४ पौराणिक चित्रं करून घेतली आणि १८९० मध्ये ती पूर्ण झाली. राजवाड्यासाठी केलेली असूनही ती मुंबईत लोकांसाठी मांडली गेली आणि बघायला झुंबड उडाली. सयाजीबागेतल्या म्युझियमची इमारत १८९४ची. शेजारचं चित्रदालन १९१४ मध्ये बांधून झालं, पण महायुद्धामुळे चित्रं युरोपातच अडकली आणि ते उघडायला १९२१ उजाडलं. सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणणाऱ्या राजानं हे सगळं चक्क बागेत उभारलं, जिथे लोक पोराबाळांसकट येतात. आजही येतात. देवमाशाचा सांगाडा बघतात (७२ फूट, मही नदीच्या मुखाशी सापडलेला), ममी बघतात आणि चित्रांपुढून भराभर चालत सुटतात. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. देवमाशापाशी आईबाप थांबून बोलतात, चित्रापाशी बोलत नाहीत, एवढंच.

मार्च-एप्रिल आला की शहराशहरांत ‘फॅमिली डे’, ‘समर वर्कशॉप’च्या जाहिराती सुरू होतात. मी स्वतः एकीत स्वयंसेवक होते. मुलांना एका खोलीत रंगीत कागद आणि गोंद द्यायचा, पालकांना बाहेर चहा. दोन तासांनी मूल मुखवटा घेऊन घरी. त्यानं आणि त्याच्या आईनं मिळून एकही चित्र पाहिलेलं नसतं. मुखवटे करू नयेत असं नाही. वडोदऱ्याच्याच फाइन आर्ट्स फॅकल्टीच्या मेळ्यांसाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे मोठे कलावंत लाकडी खेळणी बनवत, गावातले लोक ती विकत नेत. पण कौटुंबिक कार्यक्रम म्हणायचं तर कुटुंब एकाच चित्रापुढे उभं राहायला नको का?

त्याच फॅकल्टीत दरवर्षी वर्ष संपताना विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन लागतं. मी म्हटलं, “मे महिन्यात याला तिकडे नेऊया.” मावशी लगेच म्हणाली, “तिथे नको गं. तिथे आपल्या येशूचं कायतरी केलं होतं.”

ते २००७ सालचं. परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून एका विद्यार्थ्याला अटक झाली, काही दिवस तुरुंगात काढावे लागले. त्याच्या बाजूनं उभे राहिलेले प्रभारी डीन शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. आक्षेप घेणाऱ्यांत हिंदुत्ववादी होते, तसे ख्रिस्ती लोकही होते. २०२२च्या मे महिन्यात तिथेच पुन्हा असा वाद झाला. २००७ मधली ती चित्रं मी पाहिलेली नाहीत. पाहिली असती तर कदाचित मीही दुखावले असते. पण दुखावल्यावर चित्रकाराला विचारायचं असतं, पोलीस बोलवायचे नसतात.

आणि आपण कॅथलिकांनी तरी ‘मुलांना असलं दाखवू नये’ म्हणावं? चार वर्षांची असताना आईनं मला दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला नेलं. चौदा स्थानं, चौदा चित्रं. चाबूक, काटे, खिळे, रक्त, आईच्या मांडीवर मेलेला मुलगा. मी रडले, हजार प्रश्न विचारले, आईनं जमतील तेवढी उत्तरं दिली. मी बिघडले नाही, कारण तिचा हात माझ्या हातात होता. सीतेपुढे मावशीनं याहून वेगळं काय केलं? मग विद्यार्थ्यांच्या चित्रांपुढेच तिला एवढी भीती का वाटावी?

हे सगळं मी तिला जेवताना ऐकवलं. ती म्हणाली, “तू शिकलेली आहेस, तुला बोलता येतं. याने मला काही विचारलं आणि मला नाही सांगता आलं तर?”

“सीतेचं सांगितलंस की.”

“ती गोष्ट मला ठाऊक होती.”

तिचंही बरोबर आहे. म्हणून मे महिन्यात मी पुन्हा जाणार आहे. तिघं मिळून जाऊ, नाही कळलं तर चित्राशेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यालाच विचारू, असं मी सुचवलंय. मावशीनं अजून हो म्हटलेलं नाही. पोरगा मात्र तयार आहे. तिथे कुणाची आई कुणाला न्यायला आलीय का, एवढंच त्यानं विचारून ठेवलंय.