किल्ली कुणापाशी?

रामपायली हे नाव या महाविद्यालयात उच्चारले की बहुतेकांच्या कपाळावर आठी उमटते. कुठे आले हे गाव? मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, वाराशिवनी तालुक्यात, चंदन नदीच्या काठी. तिथल्या राममंदिरामुळे पंचक्रोशीत गावाला नाव आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिले. त्यामुळे आमच्या घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात दोन्ही. म्हणजे तुमच्यासारखीच मीही दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढले. मावशीच्या आधाराने इकडे शिकायला आले, आणि म्हणून या अंकात चार शब्द लिहिण्याचा योग आला.

विषय कुणाला क्षुल्लक वाटेल. घरात इंटरनेटची जी छोटी पेटी असते, जिला आपण राउटर म्हणतो, तिला मोबाईल आणि संगणक जोडण्याचा हा विषय. यात लिहिण्यासारखे काय आहे, असे गेल्या वर्षापर्यंत मीही विचारले असते.

गेल्या वर्षी काय झाले ते सांगते. माझी वहिनी लग्नानंतर आठ वर्षांनी पुन्हा शिकायला लागली. धानाच्या रोवणीचे दिवस, दोन मुले, सासूसासऱ्यांचे पथ्यपाणी हे सारे सांभाळून ती मुक्त विद्यापीठाची बी. ए. करीत होती. घरी राउटर आला तेव्हा दादाने हिशेब केला की एका घरात इंटरनेटचे पैसे दोनदा कशाला भरायचे? वहिनीच्या मोबाईलचा डेटा बंद झाला. हिशेब चुकीचा होता असे कुणीच म्हणणार नाही.

परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. मुले सारखी मोबाईलवर खेळतात म्हणून दादाने सकाळीच पासवर्ड बदलला आणि तो कामासाठी बाहेरगावी गेला. रात्री जेवणे आटोपून वहिनी अर्ज भरायला बसली तर काहीच उघडेना. दादाचा फोन लागेना. शेजारी झोपलेले. त्या वेळी वाराशिवनीला जायला गाडी नाही. साडेदहाच्या सुमारास तिने मला फोन केला. मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, पदवीच्या शेवटच्या वर्षाला. मी काय सांगितले असेल? "वहिनी, पासवर्डशिवाय काही होणार नाही. उद्या दादा आला की बघू." बारा वाजले, मुदत संपली आणि वहिनीचे एक वर्ष गेले.

दिवाळीला घरी गेले तेव्हा राउटरचे रिकामे खोके माळ्यावर सापडले. त्यात हातभर लांबीची एक पिवळी वायर जशीच्या तशी गुंडाळून ठेवलेली होती. घरात एक जुना संगणक आहे. मी वायरचे एक टोक राउटरच्या मागच्या भोकात आणि दुसरे संगणकाच्या मागच्या भोकात बसवले. दोन्ही बाजूंना 'टक्' असा आवाज झाला. पडद्यावर कुणी पासवर्ड विचारला नाही आणि इंटरनेट सुरू झाले. वायरलेस लहरी भिंत ओलांडून रस्त्यावरच्या माणसापर्यंतही जातात, म्हणून तिथे पासवर्ड लागतो. वायर लावणारा माणूस तर घरातच उभा असतो, म्हणून घरगुती राउटर त्याला सहसा काही विचारत नाही. मुदतीच्या त्या रात्री ही वायर वहिनीच्या डोक्यावरच माळ्यावर पडली होती. ते ना तिला ठाऊक होते, ना मला.

वहिनी त्या वायरकडे पाहून एवढेच म्हणाली, "इतकंच होतं होय?" ते वाक्य अजून माझ्या कानांत आहे. हा लेख त्याच वाक्यामुळे लिहिते आहे.

दोष कुणाचा? दादा वाईट माणूस नाही. त्याने किल्ली मुद्दाम लपवली नव्हती. घरात यंत्र आणले की ते आणणाऱ्याचेच होते, हा आपला जुना रिवाज आहे. माझे मत असे की राउटर ही एकट्या कुणाची मालमत्ता नव्हे. ती घरातली विहीर आहे. विहिरीला कठडा असावा, पण दोर एकाच्याच हाती असू नये. घरातल्या किमान दोन माणसांना तो चालवता आला पाहिजे, आणि त्यांतली एक घरातली स्त्री असावी.

स्त्री असावी असे का म्हणते? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ग्रामीण भारतात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण शेकडा ४८.७ होते आणि स्त्रियांचे २४.६, म्हणजे निम्मे. हे आकडे तेव्हाचे आहेत आणि त्यानंतर वापर वाढला आहे. पण आमच्या घरात इंटरनेट येऊनही वहिनीपर्यंत पोहोचले नव्हते, ही गोष्ट असल्या आकड्यांत दिसतही नाही.

आता या पेटीत असे कोणते गूढ आहे की ते एकालाच कळावे? वसतिगृहाचे उदाहरण घ्या. बाहेरून येणाऱ्या पत्रांवर पत्ता एकच, वसतिगृहाचा. आत आल्यावर कोणते पत्र कोणत्या खोलीत द्यायचे ते रखवालदार ठरवतो. राउटर हा तसाच रखवालदार आहे. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला तो स्वतः एक खोली क्रमांक देतो. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि जगातली यंत्रे त्याहून कितीतरी अधिक. म्हणून एका घराचा बाहेरचा पत्ता एक आणि आतले क्रमांक अनेक, अशी ही सोय झाली.

या पेटीला किल्ल्या दोन असतात, आणि घोटाळा बहुधा इथेच होतो. पहिली किल्ली वायफायच्या पासवर्डची. तिने माणूस घरात येतो. दुसरी व्यवस्थापकाच्या पासवर्डची. राउटरला जोडलेल्या संगणकावर १९२.१६८.१.१ किंवा असाच एखादा पत्ता टाकला की एक पान उघडते, तिथे ही किल्ली लागते. पहिली किल्ली बदलण्याचा अधिकार या दुसरीत आहे. मूळ किल्ल्या आणि तो पत्ता बहुधा पेटीच्या पोटाखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. आपण पेटी उलटून पाहत नाही, एवढेच. मात्र टाचणीने दाबायचे जे बारीक बटण असते ते उगाच दाबू नये. त्याने सगळी मांडणी पुसली जाते आणि मग कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसावे लागते.

आणखी एक गोष्ट घरीच कळली. दादाने पेटी आपल्या खोलीत लोखंडी कपाटामागे ठेवली होती. आमच्या घराच्या मातीच्या भिंती हातभर जाड. स्वयंपाकघरात, जिथे वहिनी रात्री अभ्यासाला बसते, तिथे लहर पोहोचेच ना. राउटरच्या लहरी सहसा दोन प्रकारच्या. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान, पण भिंतीपाशी दमते. २.४ गिगाहर्ट्‌झची तुलनेने संथ, पण लांब जाते. आम्ही पेटी मधल्या खोलीत उंचावर ठेवली आणि वहिनीचा मोबाईल दुसऱ्या लहरीवर जोडला. खर्च शून्य. पेटी कुणाच्या खोलीत ठेवली आहे यावरून घरात कुणाच्या कामाला मोल आहे ते कळते, असे मी म्हटले तर दादाला राग येईल. पण पेटी हलवायला त्यानेच हात लावला, हेही नमूद करते.

यावर काही आक्षेप येतील. मुले बिघडतील, हा पहिला. मुलांवर नजर हवीच, मला मान्य आहे. बऱ्याच राउटरमध्ये ठरावीक यंत्राला ठरावीक वेळी बंद ठेवण्याची सोय असते. मुलाच्या मोबाईलला लगाम घालण्यासाठी सगळ्या घराच्या तोंडाला कुलूप कशाला? दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो अधिक गंभीर आहे. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने जगभरचे लाखो राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. मूळचे पासवर्ड कुणी बदललेच नव्हते, म्हणून ते साधले. त्याच यंत्रांच्या जोरावर ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतली अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. यावरून काय शिकायचे? दुसरी किल्ली अवश्य बदला आणि जपा. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे करण्याची सोय असेल तर ती वापरा. रस्त्यावरच्या माणसाला पासवर्ड देऊ नका. पण रस्त्यावरचा माणूस आणि घरची सून यांच्यात फरक करा!

सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. तो खटला मुलींच्या वसतिगृहातल्या मोबाईलबंदीवरून उभा राहिला होता. न्यायालयाने हक्क दिला, पण घरातला पासवर्ड न्यायालय सांगायला येत नाही. तो घरच्यांनीच सांगायचा असतो.

आता थोडे आपल्या महाविद्यालयाविषयी, गुरुजनांची क्षमा मागून. संगणकजाळ्याचे सात थर आम्ही पाठ करतो. १९८४ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले, हेही परीक्षेत लिहितो आणि गुण मिळवतो. पण वर्गातल्या किती जणांनी स्वतःच्या हाताने एक वायर लावली आहे? मला सात थर येत होते, तरी त्या रात्री वहिनीला पहिल्या थरातली वायर सांगता आली नाही. या शिक्षणाला काय म्हणावे? प्रात्यक्षिकाचा एक तास असा असावा की ज्यात राउटर उलटून पाहायचा, दोन्ही किल्ल्या बदलायच्या, वायरने आणि वायरीशिवाय यंत्रे जोडायची. त्यासाठी फार साहित्य लागत नाही.

दुसरी सूचना विद्यार्थी मित्रमैत्रिणींना. राउटरचे ते पान बहुधा इंग्रजीत असते, आणि घरातली आई तिथेच थांबते. आपल्याकडे तर या अंकाप्रमाणेच दोन भाषा आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढच्या शिबिरात आपण मराठीत आणि कन्नडमध्ये एकेक पान तयार करू या: पेटी कुठे ठेवावी, वायर कशी लावावी, पासवर्ड कसा बदलावा, बिघाड झाल्यास प्रथम काय पाहावे. आणि प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका तरी माणसाला ते स्वतः करायला लावावे. आपण करून दाखवणे वेगळे आणि त्यांच्या हातून करवून घेणे वेगळे.

रामपायलीच्या घरी असे एक पान मी लिहून ठेवले आहे. पिवळी वायर आता माळ्यावर नाही, संगणकाशेजारी खिळ्याला टांगलेली आहे. वहिनीने यंदा पुन्हा अर्ज भरला, मुदतीच्या चार दिवस आधी. गेलेले वर्ष मात्र तिला कुणी परत देणार नाही. निदान दुसऱ्या कुणाच्या वहिनीचे जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

— एक विद्यार्थिनी, बी. एस्सी. तृतीय वर्ष